धूर पांढराच ठेवलाय

अहो, किल्ला पडला नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला धीर असा कधी नव्हताच. सिनेमाला गेलो की मध्यंतरात तुम्ही दारावरच्या माणसाला विचारून यायचात, शेवटी कोण मरतं. तर रविवारी संध्याकाळी, आपल्या हॉलमध्ये, तुमच्या टेबलावर, इंग्रजांना वेढा उठवावा लागला. आपल्या भुईकोटाच्या बुरुजावर निशाण होतं तसं आहे. आणि त्या वेळी तुमच्या खुर्चीत मी बसले होते.

आता बसा. असाल तिथे बसा, सगळं सांगते.

तुम्ही गेल्यावर भेटायला येणाऱ्या बायका आधी तुमच्या फोटोकडे बघायच्या आणि मग टेबलाकडे. हॉलभर पसरलेलं टेबल, त्यावर थर्माकोलचा किल्ला, खंदक, बोटाच्या पेराएवढे शिपाई, काडेपेटीत मावतील अशा तोफा. "नातवंडांचं का?" असं हळूच विचारायच्या. "नाही, यांचं," मी म्हणायचे. मग समजावून सांगावं लागायचं. की जुन्या लढाया टेबलावर पुन्हा लढायच्या असतात. दोन्ही बाजूंना माणसं बसतात, फूटपट्टीनं अंतर मोजून शिपाई सरकवतात, गोळा लागला की चुकला ते फाशावर ठरतं. कुठली तोफ उडाली आणि गोळा कुठे पडला हे विसरायला नको म्हणून तिथे खूण ठेवायची. तोफेच्या तोंडाशी धूर, गोळा पडला तिथे उडालेली माती. "आणि हे धूर नि माती कोण करतं?" "मी." एवढं ऐकलं की बायका पदर सावरून उठायच्या.

मी त्यांना हसत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी त्यांच्याहून दसपट शिष्ट होते. मैंदर्गीत आमच्या गल्लीतली पहिली बी. ए., दोन वेण्या, हातात कायम रुमाल, आणि नवरा सरकारी कचेरीत नकाशे काढतो म्हणून नाक वर. आठवडा झाला नाही तोवर बघते तर नवरा फरशीवर पालथा, एक डोळा मिटून, शिशाच्या शिपायाशेजारी गाल टेकवून कपाटाकडे बघतोय. "इथून किल्ला केवढा दिसेल ते पाहतोय," तुम्ही म्हणालात. मी शेजारी सांगितलं, यांचं संशोधन चालू आहे. माहेरीही तेच सांगितलं. माझी आई, अव्वा, म्हणाली, "पालथं पडून?" तर तिला म्हटलं, मोठ्या लोकांचं असंच असतं. त्या पोरीला आज कुणी समोर आणून उभं केलं तर मी तिच्या हातातला रुमाल काढून घेईन आणि म्हणेन, बाई गं, आधी कापूस पिंजायला शीक.

कापसाचं तिनं काय केलं ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही नुसतं म्हणाला होतात, तोफेपुढे ठेवायला काहीतरी हवं, खडूची खूण पुसली जाते. मी देवघरातला वातींचा कापूस घेतला, हळद-कुंकू कालवून त्यात बुडवला आणि गच्चीवर वाळवला. मला वाटलं, काय जाळ केलाय. नरसय्या भाऊजी, तुमचे जन्माचे मित्र आणि टेबलापलीकडचे जन्माचे इंग्रज, त्यांनी तो उचलून उजेडात धरला. "वैनी, भजी लई भारी झालीत की. शेंगाची चटणी कुटं हाय?"

त्या पोरीचं तोंड एवढंसं झालं. तुम्ही मात्र हसला नाहीत. भजी हातात घेतलीत, फिरवून बघितलीत आणि म्हणालात, "आग आत असते, बाहेर धूर. आणि तोफेच्या दारूचा धूर पांढरा असतो. काळा नाही, पिवळा नाही. पांढरा." कुणी एखाद्या कारागिराला सांगावं तसं. मी अबोला धरला, चांगला लांबलचक. मग गुपचूप पांढरा करायला घेतला.

भाऊजींच्या टॉवेलच्या कारखान्यात मागाखाली साचलेली रुई ते पिशवी भरून आणून द्यायचे. देवाच्या कापसापेक्षा ती सरस. तिच्यात सुताचे तुटके धागे असतात, त्यानं धुराला वळ पडतात. खाली कोटाचं मोठं बटण. त्याच्या भोकांतून तांब्याची तार वर काढायची, तारेवर रुई हलक्या हातानं गुंडाळायची, पातळ गोंदाचं पाणी शिंपडायचं आणि वाळत आली की बोटांनी पुन्हा फुलवायची. फार दाबली तर वात होते, फार सोडली तर पंख्याखाली उडून जाते. तोफेला टेकते तिथे, अगदी आत, एक शेंदरी ठिपका. बाहेरून दिसू नये, पण असावा. तो ठिपका तुमचा. बुडाशी समईची काजळी, बोट नुसतं लागल्यासारखी. ती माझी.

धूर जमला. मातीनं मात्र आपल्याला शेवटपर्यंत भांडायला लावलं.

आधी मी लाह्या लावल्या होत्या. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या उरल्या होत्या, आणि मला वाटलं, लाही म्हणजे देवानं केलेला स्फोटच की. गोंद संपला होता म्हणून कणकेच्या खळीनं बटणावर चिकटवल्या. बरं झालं. कारण ऐन लढाईत भाऊजींनी एका हातात चहाची बशी धरली, नजर तुमच्या बुरुजावर, आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या सरदाराशेजारी पडलेला गोळा उचलून तोंडात टाकला. चावला. "वैनी, मीठ ऱ्हायलं की."

तुम्ही उभे राहिलात. "यानं माझा गोळा खाल्ला."

"मग गोळा पडलाच न्हाई समजा," भाऊजी बटण थुंकत म्हणाले.

सगळ्यांनी शकीलभाईंकडे बघितलं. दिवसभर कोट शिवणारा आणि रविवारी आपल्याकडे पंच म्हणून बसणारा माणूस. (बटणंही त्यांचीच.) त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "गोला पेट में गया ना? तो लग्या. नरसय्या का सरदार मर्या."

इतक्या वर्षांत तुमच्या हातून इंग्रजांचा एकच सरदार मेला, आणि तो माझ्या लाहीनं. याची मी तुम्हाला अधूनमधून आठवण करून द्यायचे. आजही देते.

लाह्यांवर तुमचा आक्षेप मात्र वेगळाच. भरीव लोखंडी गोळा फुटत नाही, तो माती उडवतो, टप्पा घेतो, पुढे जातो. "लाही फुटते. माझा गोळा फुटत नाही." मग माती नेमकी कशी उडते हे बघायला तुम्ही काय केलंत? माझ्या मामेबहिणीच्या लग्नाला मैंदर्गीला निघालो, तेव्हा स्कूटरच्या डिकीत ओळखीच्या शाळेतून मागून आणलेला गोळाफेकीचा गोळा. मामाच्या रानाशी स्कूटर थांबवलीत आणि लग्नाच्या कपड्यांत शेतात उतरलात. फेकताय, वाकून बघताय, उचलून पुन्हा फेकताय. मी इरकली नेसून, गजरा माळून बांधावर. रस्त्यानं जाणारी अख्खी वरात थांबून बघतेय. मामा धावत आला. "येन माडाकत्तार?" जावई काय करतायत, म्हणून. आता खरं काय सांगणार? त्या बी. ए. पोरीनं पापणी न हलवता सांगितलं, "विहिरीची जागा बघतायत, मामा. नकाशाचंच काम ना त्यांचं."

मामा एकदम गंभीर झाला. टोपी नीट केली. तेवढ्यात तुम्ही लांबून हात करून ओरडलात, "इथे! इथे पूर्ण आत गेला!" मामानं जाऊन तिथे दगड ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात तिथेच खोदलं, आणि पाणी लागलं. काय करणार? त्या भागात तुम्ही लोखंडी गोळ्यानं पाणी शोधणारे जावई झालात. गावोगावहून बोलावणी यायला लागली आणि तुम्ही माझ्याकडे असं बघायचात की मी पदर तोंडात कोंबून आत पळायची.

त्या विहिरीतून निघालेल्या काळ्या मातीचं पोतं मी आणलं. चाळून वस्त्रगाळ केली. केरसुणीच्या काड्या कापून बटणावर वर फेकल्यासारख्या तिरक्या बसवल्या, त्यांच्या टोकांना मोहरीची ढेकळं डकवली आणि वर ती माती भुरभुरली. बघणाऱ्यानं डोळे मिटावेत असं झालं होतं. तुम्ही म्हणालात, "रंग चुकला. धूळ फिकट असते." पुस्तकातल्या चित्रात फिकट होती. पुस्तकातली लढाई साता समुद्रापलीकडच्या रानात झाली, आपला किल्ला सोलापुरात आहे, इथे पाय पडला तरी काळी माती चिकटते, हे मी किती सांगितलं. तुम्ही मान हलवायचात. आणि सकाळी उठून बघावं तर माझी माती फिकट झालेली. दुपारी तुम्ही आडवे झालात की मी ब्रश घ्यायची, पुन्हा काळी. वर्षानुवर्षं. दोघांपैकी एकानंही त्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. त्या बटणांवर रंगाचे इतके थर चढलेत की मूळची मोहरी आता हरभऱ्याएवढी झालीये.

दुसरं भांडण याहून छोटं होतं, आणि ते मला जास्त लागलं.

नियम तुमचा होता. तोफ उडाली की तिच्या तोंडाशी धूर ठेवायचा आणि ती पुन्हा भरून होईपर्यंत उचलायचा नाही. ठेवणं-उचलणं माझ्याकडे. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मी तेवढंच करायची. गोळा पडला की तुम्ही, भाऊजी, शकीलभाई, तिघांची डोकी तिकडे. कुठे पडला, किती मेले, टप्पा घेतला का. मी मात्र तोफेच्या तोंडाकडे बघत असायची, कारण तिथे माझा माल होता. त्यामुळे तुम्हाला जे दिसत नव्हतं ते मला दिसायला लागलं. एकदा न राहवून म्हटलं, "अहो, गोळा काय बघताय, धूर बघा ना." तुम्ही वर न बघता म्हणालात, "तू धूर कर, लढाई मी करतो."

वाईट हेतू नव्हता, ठाऊक आहे. किल्ला पडत होता, तुम्ही घाईत होतात. तुमचा किल्ला नेहमीच पडत असायचा. पण माझं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. नंतर चहाला सांगू, नंतर जेवताना सांगू, असं करत मी ते तसंच ठेवलं. तुम्ही विचाराल म्हणून.

मग तुम्ही आजारी पडलात. आपल्याच भुईकोटाच्या वेढ्याची मांडणी अर्धी टेबलावर, अर्धी तुमच्या डोक्यात. पलंगावरून विचारायचात, "वेढ्याचे धूर झाले?"

"होतायत."

"पांढरे ठेव."

"आणि माती?"

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "मातीचं बघू नंतर."

तर ते नंतर राहिलं.

सगळं उरकल्यावर अजित थांबला. तुमचा लेक गुणी आहे, पण पुण्यात राहून त्याला रिकाम्या जागा आवडायला लागल्यात. "आई, टेबल देऊन टाकू. एक जण आहेत ओळखीचे, नीट सांभाळतील. आणि तू चल माझ्याकडे. एवढ्या घरात एकटी काय करणार?" बोलता बोलता एक शिपाई जुन्या पेपरात गुंडाळत होता आणि नाक ओढत होता. मला त्याचा राग आला नाही. पण मला पुण्याला जायचं नव्हतं, आणि तुमचा वेढा न लढता कुणाच्या काचेच्या कपाटात जाऊ द्यायचा नव्हता.

मी म्हटलं, "गुंडाळ. पण मांडलेली लढाई उरकून. तू इंग्रज हो. किल्ला पडला तर मी माझी पेटी भरते. टेबलावरचा दिवस मावळेपर्यंत टिकला, तर टेबल इथेच आणि मीही इथेच. मग पुन्हा विषय काढायचा नाही."

तो हसला. "आई, बाबांचा किल्ला कधी टिकलाय?"

"बाबांचा नाही. माझा."

"तू कधी खेळलीयेस?"

"धूर केलेत."

रविवारी भाऊजी आणि शकीलभाई आले. भाऊजींनी आपली खुर्ची अजितला दिली आणि स्वतः माझ्या स्टुलावर बसले. "म्या आज कुणाच्याच बाजूनं न्हाई. इंग्रजाकडनं बोललो तर वैनी चहा द्यायच्या न्हाईत." शकीलभाईंनी फासे पुसले. मी तुमच्या खुर्चीत बसले, उशी घेऊन, कारण त्या खुर्चीतून पाच फुटी माणसाला खंदकच दिसत नाही.

सुरुवात तुमच्यासारखीच झाली. एक बुरुज ढासळला. तटावरच्या दोन तोफा गेल्या. अजित तुम्ही शिकवल्याप्रमाणे अर्ध्या तोफा उडवत होता, अर्ध्या भरलेल्या ठेवत होता, आणि गोळा पडला की हुबेहूब तुमच्यासारखा अर्धवट उठून बघत होता. मी त्याच्या तोफांपुढे धूर ठेवत होते, उचलत होते. भाऊजींना बघवेना. "वैनी, काय करूलालाव? कायतरी करा की."

"बघतेय."

"काय बघूलालाव?"

"माझे धूर कसे दिसतात ते."

त्यांनी कपाळाला हात लावला. दुपार कलली आणि दरवाजा खिळखिळा झाला. आणखी एक जोरदार मारा, की पडलाच. मी पाठ टेकली, मोठा उसासा टाकला आणि म्हटलं, "अजित, पुण्याला थंडी फार असते का रे? शाली किती घेऊ?"

तुमच्या लेकाला दया आली. किंवा घाई झाली. त्यानं सगळ्या तोफा एकदम उडवल्या.

मी उठले. गुडघे कुरकुरले, तरी एकेका तोफेपाशी जाऊन माझ्या हातानं धूर ठेवला. एकाचा तुरा वाकला होता, तो सरळ केला. ओळीनं सगळ्या तोफा पांढऱ्याशुभ्र. अजित दरवाजाकडे बघत होता. माझी काळी माती दरवाजापुढे उडाली, फासा फिरला, शकीलभाई वाकले, चष्मा वर केला. "एक फळी गई. दरवाजा खडा है."

"शकीलभाई," मी म्हटलं, "मी तो उघडतेय."

"आई, मी तोच पाडतोय."

"तुझा त्रास वाचवते."

आणि तुमचे घोडेस्वार बाहेर काढले. तेच, ज्यांना तुम्ही दर वेळी शेवटच्या क्षणासाठी म्हणून आतल्या चौकात राखून ठेवायचात आणि जे दर वेळी खोगिरावर बसल्या बसल्या कैद व्हायचे. ते खंदकावरून सुटले ते थेट तोफांवर. अजितचा हात आपोआप पुढे आला. "तोफा."

"कुठल्या?"

त्यानं पहिल्यांदा तोफांच्या तोंडांकडे बघितलं. मग शकीलभाईंकडे.

"हौ बेटा, सब खाली है," शकीलभाई म्हणाले. "बाबा का कायदा है. धुआँ है तब तक भरी नै."

फूटपट्टी लावली. तोफा भरून व्हायच्या आत स्वार पोचत होते, आणि वर बोटभर अंतर उरत होतं. भाऊजी स्टुलावरून उठून उभे राहिले होते. "आयला," एवढंच म्हणाले. मग टेबलाशी वाकून, "इतकी वर्षं आमाला ह्यो धूर दिसूलालताच की."

दिसत होता. तुम्हालाही दिसत होता. तोफा गेल्यावर वेढ्यात काही राहिलं नाही. दिवस मावळला तेव्हा अजितनं आपला सेनापती आडवा ठेवला, खुर्चीत मागे रेलला आणि विचारलं, "बाबांना हे ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "कायदा त्यांचाच होता."

त्याला तेवढं पुरे. तुम्हाला खरं सांगते, तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण त्या भजीला हसून तुम्ही खिडकीबाहेर टाकलं असतंत, तर मलाही कधी कळलं नसतं. त्या शिष्ट पोरीला तुम्ही पांढऱ्या धुराची गोष्ट इतक्या गंभीरपणे सांगितलीत की ती जन्मभर धुराकडे बघत राहिली. तुमचा कायदा आणि माझा धूर, दोन्ही एकाच टेबलावर होते. तुम्ही मला एक वाक्य पुरं करू दिलं असतंत तर हा विजय तुमच्या देखत झाला असता, आणि मग तुम्ही तो गल्लीभर स्वतःच्या नावावर सांगत फिरला असतात. मी फिरू दिलं असतं.

इतिहासात आपला किल्ला पडला, हे मला बी. ए.ला शिकवलंय. आपल्या हॉलमध्ये तो उभा आहे. कालपासून दूधवाला, गॅसवाला, समोरच्या काकू, जो येईल त्याला मी दाखवतेय. समोरच्या काकूंना दोनदा.

आणखी एक. तुम्ही गेलात तेव्हा फोटोपुढे हाराबरोबर मी एक धूर ठेवला होता. लोकांना वाटलं कुठल्यातरी विधीतला कापूस असेल. एक-दोघींनी नमस्कारही केला. नियम आपल्या घरातला आहे, बाहेरच्यांना काय सांगायचा. धूर म्हणजे तोफ मोडली असं नसतं. ती उडून झालीये आणि भरायची राहिलीये, एवढंच. आज सकाळी दिवा लावल्यावर मी तो धूर उचलून डब्यात ठेवला.

अजित गेला. पुढच्या खेपेला त्याला किल्ला हवाय, मला इंग्रज व्हायला सांगितलंय. पेपरात गुंडाळलेले शिपाई त्यानंच सोडवून जागेवर लावले.

धूर पांढरा ठेवलाय, तुम्ही म्हणालात तसा. माती काळी. ती आता काळीच राहणार. पटत नसेल तर दुपारी मी आडवी होते, तेव्हा या. ब्रश धुऊन जागेवर ठेवलाय.